मालकाला विचारून सांगते

नांदेडच्या दुकानात मी कामाला लागले तेव्हा मला सांगितलेली पहिली गोष्ट अशी होती की भाव सांगायचा अधिकार माझा, कमी करायचा नाही.

आमचं काम घरोघरी जाऊन दुरुस्ती करायचं. एसी, फ्रिज, कपडे धुवायची मशीन, पाण्याचे फिल्टर. मुख्य दुकान लातूरला, मालकही लातूरलाच राहायचे. नांदेडला तरोड्याकडं एक गाळा होता. त्यात एक टेबल, मागं सुट्या पार्टची मांडणी आणि फोनजवळ मी. मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, मशीन उघडून बघायचा आणि काय बिघडलंय ते मला फोनवर सांगायचा. मी खर्च सांगायचे. मग तो फोन गिऱ्हाइकाच्या हातात जायचा आणि खरं बोलणं तिथून सुरू व्हायचं. दारात उभं राहून मेकॅनिकनं भाव कमी करायचा नाही, हा मालकांचा कडक नियम. नंतर शंभर रुपयांपर्यंत सोडायची मुभा मला मिळाली, त्याच्या पुढं लातूरला फोन. त्यामुळं दिवसभर माझ्या तोंडात एकच वाक्य असायचं, "मालकाला विचारून सांगते."

"सूट द्या" असं सरळ कुणी म्हणत नाही, हे मला लवकर कळलं. लोक म्हणतात, "बघा ना जरा." म्हणतात, "घरचंच समजा." म्हणतात, "आमच्या मेहुण्याच्या घरी पण तुम्हीच आला होता." एक जण तर दर वेळी आधी माझ्या लेकराची चौकशी करायचे, शाळा कोणती, पास झालं का, आणि मग हळूच, "मग आता किती लावता?" मी हसायचे, पण आतून मला ते आवडायचं नाही.

त्याचं कारण माझे वडील. मुखेड तालुक्यातल्या एका गावात आमचं घर, बौद्धवाड्यात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आठवडी बाजारात ते सांगितलेला भाव द्यायचे आणि पिशवी उचलून चालू लागायचे. आईला ते पटत नसे. ती म्हणायची, "अहो, सगळेच कमी करून घेतात की." वडील म्हणायचे, "सगळ्यांनी मागितलं तर तो वस्तूकडं बघतो. आपण मागितलं की आधी आपल्याकडं बघतो." आमच्या वस्तीतल्या माणसानं बाजारात घासाघीस केली की काय ऐकून घ्यावं लागे, ते त्यांनी लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून पाहिलं होतं. त्यांनी मला कधी तसा उपदेश केला नाही, पण भाव पाडून मागणं म्हणजे मान खाली घालणं, हे माझ्यात मुरलं होतं. आणि नोकरी मिळाली ती दिवसभर लोकांची घासाघीस ऐकायची.

मालक याच्या अगदी उलट. ते मूळचे उदगीरचे. घरची शेती होती आणि वडिलांची धान्याची अडत. भावताव ऐकतच ते मोठे झालेले. त्यांच्या आईचं माहेर पलीकडं कर्नाटकात, त्यामुळं घरात निम्मी कानडी. फोनवर मी वैतागून काही सांगितलं की ते म्हणायचे, "भाव करणं म्हंजे भांडण न्हाई बाई. माणूस दोन शब्द बोलून वळख करून राहिलाय. करू दे."

मी त्यांना फोन केला की गिऱ्हाईक किती कमी मागतंय, हे ते सगळ्यात शेवटी विचारायचे. आधी विचारायचे, "घर कसं हाय? घरात कोण कोण हाय? पोराला पाणी इचारलं का?" पोराला म्हणजे मेकॅनिकला. नांदेडच्या मे महिन्यात गच्चीवर चढून एसीचं खोकं उघडणाऱ्या माणसाला ज्या घरानं पाणी विचारलं, त्या घराला काही ना काही कमी व्हायचंच. सुरुवातीला मला ही गंमत वाटली. मग मीच मेकॅनिकना आधी विचारून ठेवू लागले.

एकदा डबे पुरवणाऱ्या एका बाईचा फ्रिज बंद पडला. मी खर्च सांगितला. ती "एवढे?" म्हणाली आणि गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "करा मग." तिनं काहीच मागितलं नव्हतं, म्हणून लातूरला विचारायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी फोन झाला तेव्हा मी मालकांना ते सहज सांगितलं.

ते म्हणाले, "तिनं मागितलं न्हाई ना?"

"नाही."

"मग तिला आपणच कमी लाव. सीझनच्या आधीचा भाव लाव. जो मागतो त्याचं तोंड चालतंय, त्याची काळजी न्हाई. जो गप बसतो त्याचं बघावं लागतंय."

मी तो फोन ठेवला आणि बराच वेळ वडिलांचा विचार करत बसले.

आमच्या गिऱ्हाइकांत एक सिस्टर होत्या. बिलोलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आता नांदेडला एकट्या राहायच्या. मुलगी सासरी, हैदराबादला. सिस्टर घासाघीस करायच्या ती अगदी मन लावून. माझ्याशी त्या बोलायच्याच नाहीत. मी भाव सांगितला की म्हणायच्या, "तुझं काय चालत न्हाई पोरी, मला ठाव हाय. मालकाला लाव." मग मी दोन्ही फोन जोडून द्यायचे आणि मजा ऐकत बसायचे.

"मालक, तुमी एसी दुरुस्त करून राहिले का नवीन देऊन राहिले?"

"बाई, गॅसचा भाव बघा की बाजारात."

"मला गॅसचा भाव नका सांगू. इंजेक्शन दिल्यावर आमी कधी सुईचा भाव सांगितला का?"

मालक खदखदून हसायचे. शेवटी कुठंतरी मध्यावर यायचं आणि दोघंही आपणच जिंकलो अशा आवाजात फोन ठेवायचे. दर उन्हाळ्यात असं एकदा तरी व्हायचंच. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं मात्र नव्हतं.

एका वर्षी चैत्रात एका सकाळी मी लातूरला फोन लावला तर मालकांच्या फोनवर काकू बोलल्या. मालकांच्या पत्नीला मी काकूच म्हणायचे. त्या म्हणाल्या, "बाई, ह्यांच्या अंगावरून वारं गेलंय. दवाखान्यात हावोत." मी गिऱ्हाइकाला दुसऱ्या फोनवर थांबवून ठेवलं होतं. त्याला काय सांगितलं, मला आठवत नाही.

दोन दिवसांनी मी लोहा-अहमदपूर करत एसटीनं लातूरला गेले. मालक खाटेवर उशीला टेकून बसलेले होते. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. मला पाहिल्यावर त्यांनी डावा हात वर केला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि आवाज आला तो नुसता घशातला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हणाले, "दुकान नीट चालू आहे, मालक. काळजी करू नका." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते विचारायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. काय विचारायचं होतं ते मात्र कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, चालणं हळूहळू येईल, हातही थोडा सुधारेल. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही.

लातूरचं दुकान त्यांच्या पुतण्यानं सांभाळायला घेतलं. नांदेडचं काकूंनी माझ्यावर टाकलं. "तुमीच ठरवा सगळं," म्हणाल्या. मी परत आले आणि फोनजवळ बसले. पहिल्याच गिऱ्हाइकानं कमी करा म्हटलं आणि माझ्या तोंडात सवयीनं "मालकाला" आलं. तिथंच थांबले. मग म्हणाले, "नाही, हाच भाव आहे."

त्या आठवड्यात मी सगळ्यांनाच नाही म्हटलं. एखाद्याला कमी करून दिलं आणि चुकलं तर त्यांच्या आजारपणात त्यांच्याच घराचं नुकसान केल्यासारखं होईल, असं वाटायचं. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक भाऊ एका दुपारी हेल्मेट टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमी न्हाई म्हणता त्याचं काही न्हाई, मालक पण म्हणायचे. पण ते म्हणायचे त्यात दार उघडं राहायचं." मी राग मानला नाही. पण ते दार उघडं कसं ठेवायचं, ते मला येत नव्हतं.

मालकांना घरी आणल्यावर काकूंचा फोन आला. आवाज थकलेला. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची. ती चित्रांचे तक्ते दाखवायची, हे काय, आंबा, हे काय, घर. मालकांनी तक्ता फेकून दिला होता. नातू पाटी घेऊन जवळ बसला तर तोंड फिरवलं होतं.

काकू म्हणाल्या, "ती पोरगी म्हणली, ज्या गोष्टी त्यांना रोजच्या हायत त्या बोला. मी भाजीचं बोलले, शेताचं बोलले, पाव्हण्यारावळ्यांचं बोलले. नुसतं बघत राहतात. काल तुमच्या दुकानाचा एक फोन चुकून ह्या नंबरवर आला. माणूस म्हणला, कमी करा. तर ह्यांनी हात पुढं केला, फोन मागितला."

मी हातातलं बिलबुक बाजूला ठेवलं.

"बाई, तुमी पहिल्यासारखं इचारत जावा. ठरवा तुमीच, पण इचारत जावा. त्यांना आंबा आन् घर नको. त्यांना भाव इचारा."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या आधी मी लातूरला फोन लावू लागले. काकू फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशाशी ठेवायच्या. मी सांगायचे, "मालक, आपल्या श्रीनगरातलं घर. वॉशिंग मशीनची मोटार गेलीय. नवराबायको दोघं नोकरीला, म्हातारी आई घरात. पाणी विचारलं, सरबत पण दिलं. तीनशे कमी मागतात." मग मी थांबायचे. पलीकडं पंख्याचा आवाज, त्यांचा श्वास.

पहिले काही दिवस काहीच आलं नाही. मग एकदा आलं, "आयतु."

मला वाटलं, नुसता आवाज आहे. पण काकू पलीकडून घाईघाईनं म्हणाल्या, "आयतु म्हणले! कानडीत. झालं, चालतंय, असं." मग म्हणाल्या, "सासूबाईंशी असंच बोलायचे. त्या गेल्यापासून ऐकलं नव्हतं बघा."

त्यांची मराठी अडकून बसली होती आणि आईची भाषा तिच्या बाजूनं वाट काढून बाहेर आली होती. दोनच शब्द. आयतु म्हणजे होय आणि बेडा म्हणजे नको. मी ते दोन शब्द शिकले. दुकानातही ते रुळले. मेकॅनिक गच्चीवरून फोन करून विचारायचे, "ताई, आयतु का बेडा?"

मी आधी मनाशी ठरवून मग फोन लावायचे, म्हणजे त्यांनी काही म्हटलं तरी घोटाळा नको. पण हळूहळू मी खरंच विचारू लागले. माझं ठरलेलं असायचं नाही, आणि त्यांचं बेडा आलं की मला वाटायचं, हो, बरोबर आहे, जसं एका बंगल्याचं, तिथं भाऊंना मागच्या दारानं आत घेतलं होतं. मात्र आकडे त्यांच्या हाती लागत नव्हते. पाचशे म्हणायला जायचे आणि भलतंच काही यायचं, ते त्यांनाही कळायचं आणि मग ते चिडून फोन दूर ढकलायचे. दोन शब्दांच्या पुढं गाडी सरकेना. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, असंही होतं, काही जण एवढ्यावरच थांबतात.

त्याच सुमारास सिस्टरांचा एसी गार हवा द्यायचा बंद झाला. भाऊ बघून आले. नळीला गळती होती, ती जोडून गॅस भरायचा होता. मी सिस्टरांना फोनवर अठ्ठावीसशे सांगितले.

"मालकाला लाव," त्या म्हणाल्या.

मला सांगावं लागलं. त्या ऐकत राहिल्या. नंतर त्यांनी जे प्रश्न विचारले ते सगळे नर्सचे होते. कोणती बाजू, गिळताना ठसका लागतो का, कुशीवर वळवतात का, रडतात का फार. शेवटी म्हणाल्या, "बोलतात किती?"

मी आयतु आणि बेडाचं सांगितलं.

"उद्या येते मी," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या खरंच आल्या, भर उन्हात, छत्री घेऊन, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "लाव लातूरला." मी काकूंना कल्पना दिली. काकूंनी फोन मालकांजवळ ठेवला. सिस्टर माझ्या टेबलावरच्या फोनकडं असं वाकून बसल्या जसं काही तिथं पेशंटच आहे.

"मालक, मी बिलोलीची सिस्टर. वळखलं का?"

श्वास. मग काहीतरी घोगरं.

"तुमची ही पोरगी अठ्ठावीसशे म्हणून राहिली. डोकं ठिकाणावर हाय का तुमच्या दुकानाचं?"

"बेडा," मालक म्हणाले.

"बेडा-फिडा मला कळत न्हाई. मी काय कानडी हाय का? मराठीत बोला."

मला धसकाच बसला. आजारी माणसाशी हे असं कोण बोलतं? मी हातानं खूण केली, पण सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"मी दोन हजार देते."

"न्..." आणि पुढं नुसती धाप.

"दोन हजार लई झाले म्हणता? बरं, दीड देते."

"न्हा... न्हाई."

काकूंच्या बांगड्या वाजल्या. त्या पुढं सरकल्या असणार.

"दीड पण लई? मोठ्या मनाचे हायत बाबा. हजार देते, हजार."

"न्हाई!"

"मग पाचशे. पाचशात गॅस भरून द्या आन् वरून सर्व्हिसिंग पण करून द्या. पोराला माझ्याकडं दोन टाइम जेवायला पण..."

"पर..." मालकांचा आवाज चढला. "पर... पर... परवडत न्हाई, बाई!"

मग पलीकडं काकू रडताना ऐकू आल्या, आणि रडता रडता हसताना. मी तोंडावर हात धरून बसले होते. सिस्टरांनी रुमालाच्या टोकानं डोळे टिपले, पण आवाज जराही मऊ केला नाही.

"परवडत न्हाई तर किती परवडतंय ते सांगा."

"दोन..." मालक म्हणाले. "दोन..." आणि अडकले. आकडा काही येईना. त्यांची धाप वाढली तशा सिस्टर लगेच म्हणाल्या, "राहू द्या. दमलात. उद्या सांगा. मला घाई न्हाई."

फोन बंद झाल्यावर मी म्हणाले, "सिस्टर, भाऊंना आत्ता पाठवते. काम होऊ द्या, भावाचं नंतर बघू."

"अजिबात न्हाई," त्या म्हणाल्या. "काम झाल्यावर तो माणूस कशाला बोलंल? भाव ठरू दे आधी."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कधी रिक्षानं, कधी शेजाऱ्याच्या गाडीवर. रोज नवं भांडण. कधी मशीनच्या वयावरून, कधी मागच्या वर्षी दिलेल्या सवलतीवरून. मालक आधी एका शब्दानं, मग दोन शब्दांनी उत्तर द्यायला लागले. "जुनं हाय." "तुमीच सांगा." एकदा तर "गप बसा," असं स्पष्ट म्हणाले आणि सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्यासाठी समोरच्या हातगाड्यावरून उसाच्या रसाचा ग्लास मागवला. काकू सांगायच्या, फोनची वेळ झाली की मालक भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात, सदरा बदलून द्या म्हणून खुणावतात.

माझ्या मात्र एक गोष्ट उशिरा लक्षात आली. भाऊ त्या गल्लीत दुसऱ्या कामाला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "ताई, सिस्टरांच्या घरी डोकावलो. बाई ओला टॉवेल खिडकीला लावून बसून राहिल्यात. एसी अजून बंदच हाय की." त्या दिवसांत उन्हाचा असा तडाखा होता की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं, आणि सिस्टरांचं घर वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. भाव ठरत नाही तोवर ती बाई त्या भट्टीत बसून होती.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी त्यांना बोलले. म्हणाले, "सिस्टर, तुम्हालाच काही झालं तर?"

"बिलोलीच्या वॉर्डात पंखा पण नसायचा पोरी," त्या म्हणाल्या. "आन् मला काही झालं तर मी बोलून तरी दाखवीन. त्यांना आता सुटलंय, मधेच थांबवलं तर पुन्हा बसंल. लाव फोन."

मी फोन लावला. त्या दिवशी सिस्टरांनी फारसं भांडण केलं नाही. फक्त म्हणाल्या, "मालक, लई दिवस झाले. आज काय ते एकदा बोला." पलीकडं शांतता. मला वाटलं, आजही नाही. मग मालक अगदी सावकाश, एकेक अक्षर पायाखाली नीट बघून ठेवावं तसं म्हणाले, "चो... वीस... शे."

"चोवीसशे?" सिस्टर म्हणाल्या.

"चोवीसशे," मालक म्हणाले. या वेळी न अडकता. "लास्ट."

"दिले," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्चीला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याच दुपारी भाऊंनी काम केलं. सिस्टरांनी चोवीसशेच दिले. मी संकोचून म्हणाले होते की यातले काही राहू द्या, तुमचे उपकार मोठे आहेत. त्यांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. "त्यांनी ठरवलेला भाव हाय. तू कोण कमी करणारी?"

त्यानंतर मालक सुधारत गेले, पण गोष्टीतल्यासारखे नाही. उजवा हात तसाच राहिला. मोठी वाक्यं अजूनही मधे तुटतात, कधी एखादा शब्द हरवतो आणि त्याच्या जागी कानडी येते. पण बोलतात. नातवाशी बोलतात, काकूंवर चिडतात. सूट मंजूर करायचं काम मात्र त्यांनी परत घेतलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तू बघ. तुला... येतंय." मला येतं की नाही, ठाऊक नाही. पण गिऱ्हाईक "बघा ना जरा" म्हणालं की मला आता चीड येत नाही. मी खुर्चीत नीट बसते आणि विचारते, घरी कोण कोण असतं?

थंडीच्या दिवसांत पुतण्या त्यांना गाडीनं नांदेडला घेऊन आला. काकूही बरोबर होत्या. दुकानात आले, काठी टेकत सगळीकडं फिरले, मांडणीवरची धूळ डाव्या बोटानं पुसून मला दाखवली. मग म्हणाले, "सिस्टर."

आम्ही सगळे सिस्टरांच्या घरी गेलो. जिना चढायला मालकांना वेळ लागला. भाऊ मागून धरायला आले तर त्यांनी नको म्हणून हात हलवला. सिस्टर दारात उभ्या होत्या. नवी साडी नेसल्या होत्या आणि मला पहिल्यांदाच त्या गोंधळलेल्या दिसल्या. फोनवर एवढं भांडलेली ती दोघं समोरासमोर आली आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. मालकांनी डावा हात छातीशी नेऊन नमस्कार केला. सिस्टर म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुमी उंच असाल."

मालक म्हणाले, "मला... वाटलं... लठ्ठ."

काकू "अहो!" म्हणाल्या आणि सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला हात टेकावा लागला. नंतर चहा झाला, सुशीला झाला. मुरमुऱ्यांचा तो सुशीला मालकांनी चमच्यानं, डाव्या हातानं, थोडा सांडत पण सगळा खाल्ला. सिस्टर त्यांच्या खांद्याकडं, हनुवटीकडं बघत होत्या. ते बघणं पाहुण्याकडं बघण्यासारखं नव्हतं. मधेच उठून त्यांनी मालकांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून उघडली आणि काकूंना दाखवलं, "असं रोज करायचं. दुखलं म्हणले तरी."

मालकांनी वर भिंतीवरच्या एसीकडं पाहिलं.

"गार... होतंय?"

"होतंय की," सिस्टर म्हणाल्या. "थांबा, दाखवते."

"अहो, थंडीचे दिवस आहेत," मी म्हणाले. पण त्यांनी रिमोट उचललाच होता. एसी सुरू झाला. काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, पुतण्यानं जर्किनची चेन वर ओढली, मी हात काखेत घालून बसले. सिस्टरांनी आतून शाल आणून मालकांच्या पायांवर टाकली. मालक मात्र तोंड वर करून त्या गार हवेत बसले होते, डोळे मिटून, समाधानानं.

"चांगलं... काम... केलंय," ते म्हणाले.

"चोवीसशे घेतलेत," सिस्टर म्हणाल्या. "चांगलं न करून जाता कुठं?"